अंतर्गोलासमोरचं अंगण

मोरणवाडीत ‘अंतर्गोल’ हा शब्द आला तो शाळेच्या स्वयंपाकखोलीतल्या पळीतून.

दरडींचा वेध घेणाऱ्या केंद्राच्या प्रमुख डॉ. इरावती तोरणे वाडीत सभा घ्यायला आल्या होत्या. वीज गेली आणि त्यांचा पडदा बंद पडला, तेव्हा त्यांनी मुलांच्या खिचडीची मोठी स्टीलची पळी मागवली. पुसून ती पहिल्या ओळीत बसलेल्या साळूबाईंच्या तोंडासमोर धरली.

“आत बघा. काय दिसतं?”

साळूबाई पदराआड हसल्या. “उलटी दिसतीया की मी!”

“आतल्या बाजूला वळलेलं जे असतं ते अंतर्गोल. समोरून जे येईल ते अंतर्गोल एका ठिकाणी गोळा करतं. ऊन आलं तर ऊन, आवाज आला तर आवाज. जिथं गोळा होतं त्या जागेला नाभी म्हणायचं. समोरच्या गवळदेवाच्या सड्यावर आम्ही अशीच एक पळी उभी करणार आहोत. तीन मजली घराएवढी.”

“कशापायी?” कुणीतरी विचारलं.

“तुमच्या डोक्यावरचा तांबडकडा ऐकायला.”

तांबडकडा त्या सगळ्यांच्या घरांमागे उभा होता. चार पावसाळ्यांत त्यानं दोन शेतं गिळली होती.

मग मॅडमनी समजावलं. खडक एकदम तुटत नाही. तुटण्याआधी कित्येक तास त्याच्या पोटात केसाएवढ्या भेगा पडतात आणि प्रत्येक भेगेचा बारीक आवाज होतो, वाळलेली काडी मोडावी तसा. धुक्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. उपग्रहाला डोंगर सरकल्याचं कळतं, पण सरकल्यावर. कड्यात उपकरणं ठोकली तर पहिल्याच सरीत वाहून जातात. म्हणून दरीच्या पलीकडून ऐकायचं. सड्यावरचा, म्हणजे समोरच्या पठारावरचा, अंतर्गोल एकसंध पत्र्याचा नव्हता. तळहाताएवढ्या हजारो फळ्या होत्या, प्रत्येकीमागे एक छोटी मोटर. फळ्या किंचित हलल्या की वळण बदलायचं, आणि वळण बदललं की कड्यावरची नेमकी कोणत्या जागेची कुजबुज नाभीत उतरणार तेही बदलायचं. एका वेळी ऐकू यायची ती जागा अंगणाएवढी. बाकी सगळी दरी मुकी.

मॅडमनी एक शब्दही दिला. वाडीच्या वरून एक रेषा आखली जाईल, वस्तीरेषा. तिच्या खाली अंतर्गोल उतरणार नाही.

यंत्र उभं राहिलं आणि शब्द वाडीत रुळला. त्याला सगळे ‘अंतरगोळ’ म्हणायला लागले. बायका पाणवठ्यावर भांडताना आवाज खाली घ्यायच्या, “अंतरगोळ ऐकंल.” तिकडच्या गोष्टी इकडं सांगणाऱ्या माणसालाही तेच नाव पडलं. आणि सगळं मनात ठेवून गप्प बसणाऱ्या कोंडिबा ढेब्यांबद्दल त्यांच्या शेजारीण साळूबाई म्हणायच्या, “आमचं कोंडिबाभाऊजी म्हंजी पुरतं अंतरगोळ. समदं आत वळवून ठेवत्यात.”

या कोंडिबांची एकुलती एक मुलगी, वैजयंता, सड्यावरच्या केंद्रात ऐकणारी म्हणून रुजू झाली.

वैजयंताची आई ती लहान असतानाच गेली होती. कोंडिबांनी म्हशीच्या दुधावर आणि नाचणीवर तिला वाढवलं. बारावी झाल्यावर तिचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरलं. तसा शब्द कोंडिबांनी बहिणीला पूर्वीच दिलेला होता. वैजयंताला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. ती एका सकाळी पिशवी घेऊन साताऱ्याला निघून गेली. बहिणीनं भावाचं तोंड पाहणं सोडलं आणि कोंडिबांनी मुलीचं नाव घेणं. पदवी हातात आल्यावर ती एकदा वाडीत आली होती. कोंडिबा गोठ्यात होते. ती अंगणात उभी राहिली, हाका मारल्या. गोठ्यातून नुसता शेण ओढल्याचा आवाज येत राहिला. संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून ती परत फिरली. पुन्हा गेली नाही.

नंतर पुण्यात एका ध्वनिशाळेत तिनं बरीच वर्षं काढली. लग्न केलं नाही. सड्यावरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा मुलाखतीत तोरणे मॅडमनी विचारलं, “पुणं सोडून या धुक्यात कशाला येतेस?”

“तिथून माझं घर दिसतं,” ती म्हणाली. मॅडम हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

प्रत्यक्षात घर दिसायचंच नाही. जून ते ऑक्टोबर दरीत कापूस कोंबल्यासारखं धुकं. हवेतून मोजलं तर किलोमीटरभर अंतर. पायवाटेनं नदीपर्यंत उतरून पलीकडे चढायचं तर अर्धा दिवस, आणि घाटरस्त्यानं वळसा घालून जायचं तर त्याहून जास्त. वैजयंता काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसायची. संगणक अंतर्गोलाला कड्यावरून ठराविक क्रमानं फिरवायचा आणि शंका आली की तिला विचारायचा. ही भेग, की शेळीचा खूर? झिरपणारं पाणी, की सुटलेली माती? यंत्राला अजून ते नीट ओळखता येत नव्हतं. तिला यायचं. त्या कड्याखालीच ती मोठी झाली होती.

एका संध्याकाळी तिनं अंतर्गोल हाती घेतला. म्हणजे आपोआप फिरणं थांबवून स्वतः वळवायला लागली. तशी सोय तपासणीसाठी ठेवलेली होती. आधी कड्याचा पायथा, मग कारवीची झाडी, मग वस्तीरेषा. तिथं पडद्यावर लाल खूण आली. तिचं बोट थोडं थबकलं आणि खाली सरकलं.

पावसाची पत्र्यावरची टपटप. कुणाच्या तरी घरची कोंबडी. मग एकदम, इतका जवळ की ती दचकून मागे सरली,

“उभी ऱ्हा गं बये. उभी ऱ्हा. काय घाई तुला?”

कोंडिबा अंगणाकडं उघड्या असलेल्या गोठ्यात म्हशीशी बोलत होते. मग कळशीत दुधाची धार वाजायला लागली. पहिल्या धारा रिकाम्या तळावर, मग हळूहळू दुधात दूध. वैजयंता हेडफोन कानांवर दाबून ऐकत राहिली. धार संपली, पावलं वाजली, दार लागलं. घरातलं काही ऐकू येत नव्हतं. कौलं आणि भिंती आवाज अडवायच्या. अंगणात तेवढा पाऊस उरला.

तिनं अंतर्गोल पुन्हा कड्यावर लावला आणि तोंड धुऊन आली.

त्यानंतर संध्याकाळ झाली की तिचं बोट वस्तीरेषेखाली जायला लागलं. कोंडिबा दूध काढून झाल्यावर अंगणातल्या दगडावर बसत आणि म्हशीला दिवसभराचं सांगत. नाचणीची लावणी अर्धी राहिली. मागच्या शेताची ताल, तो मातीचा बांध, पावसानं फुटली. पोलिसपाटलांच्या नातवाला पहिला दात आला. वैजयंताला वाटायचं, इतकं तर ते पूर्वी माझ्याशीही बोलत नव्हते. तिला सगळं कळायला लागलं. घराचं कोणतं कौल गळतं, कोणता गुडघा दुखतो, पाहुणे कधी आले, केव्हा गेले. ती वाट पाहायची ती एका गोष्टीची. आपलं नाव. साळूबाई येऊन बसल्या की ती आवाज वाढवायची. एकदा साळूबाईंनी विषय काढलाच.

“वैजूचं काय कळतं का वं, भाऊजी?”

कोंडिबांनी कळशी सरकवली. मग म्हणाले, “म्हस आटाया लागलीय औंदा.”

वैजयंतानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लावले.

अंतर्गोल हाती असेपर्यंत तांबडकडा कुणी ऐकत नाही, हे तिला माहीत होतं. थोडाच वेळ, असं ती स्वतःला सांगायची. तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात एकदा तिनं अंतर्गोल परत कड्यावर वळवला आणि तिथं धूळमाती घरंगळण्याचा आवाज येत होता. नुकतंच काहीतरी पडलं होतं. सकाळी कळलं की एक मोठी शिळा सुटून शेळ्यांच्या वाड्यावर आली. शेळ्या त्या दिवशी वर नेलेल्या नव्हत्या, म्हणून काही झालं नाही. वाडा चिरडला होता.

तोरणे मॅडमनी विचारलं, “काल संध्याकाळी हे आपल्याला का ऐकू आलं नाही?”

“फळ्या तपासत होते मी,” वैजयंता म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली. त्या रात्री वैजयंता जेवली नाही. ज्याचा आवाज ऐकायला आपण कड्याला पाठ करतो तोच त्या कड्याखाली झोपतो. तिनं संध्याकाळची पाळी दुसऱ्याकडं दिली. पोळा गेला, गणपती बसले, उठले. अंगणात आता कोण काय बोलत असेल ते तिच्या मनात सारखं येत राहिलं. नवरात्राच्या तोंडाशी तिनं पाळी परत मागून घेतली.

पहिल्याच संध्याकाळी तिला खोकला ऐकू आला.

साधा खोकला नव्हता. छातीच्या तळातून उपसून काढल्यासारखा, आणि शेवटी शिट्टी. म्हशीशी बोलणं दोन वाक्यांवर आलं होतं. तिनं वाडीत फेरी मारणाऱ्या आरोग्यसेविकेला फोन केला. “मोरणवाडीत वयस्कर माणसं खोकतायत असं ऐकलं, बघून याल का?” सेविका गेली. वैजयंतानं ऐकलं, कोंडिबा तिला सांगत होते, “मला काय झालंय? धडधाकट हाय म्या. बाकीच्यास्नी बगा.” ती निघून गेल्यावर ते भिंतीला टेकून खोकत राहिले.

आता काय करायचं? मुलीच्या नात्यानं जाऊन त्यांना दटावावं, तर तुला कसं कळलं म्हणून विचारतील.

त्याच आठवड्यात तोरणे मॅडमनी एक नवीन सोय बसवून घेतली. अंतर्गोल ऐकतो तसा बोलूही शकतो. नाभीत आलेला आवाज जिथून आला तिथं परत पाठवता येतो. नाभीत ध्वनिक्षेपक ठेवायचा, तिथून निघालेला आवाज त्या हजारो फळ्यांवर आपटून एकवटून निघणार आणि दरीपलीकडे अंगणाएवढ्या जागेत पुन्हा गोळा होणार. त्या अंगणात उभ्या माणसाला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येईल. शेजारच्या अंगणात काही नाही. वादळात भोंगे बंद पडतात, मोबाइलचे मनोरे आडवे होतात. अशा वेळी एकेका दारात जाऊन ‘बाहेर पडा’ सांगायला ही सोय. वाडीला अजून त्याची कल्पना दिलेली नव्हती. दसऱ्यानंतर सभा घ्यायची, पुन्हा पळी दाखवायची, मग चाचणी करायची, असं ठरलं होतं.

पण त्याआधी अष्टमीची दुपार आली.

परतीचा पाऊस धरून होता. कड्यावर काही आवाज नव्हते. वैजयंतानं अंतर्गोल हाती घेतला, दुपारचा, पहिल्यांदाच. अंगणात खोकला चालू होता. मग कळशी दगडावर आपटून गडगडली आणि काहीतरी जड खाली पडलं. त्यानंतर ओढून ओढून घेतलेला श्वास, आणि प्रत्येक श्वासामागे शिट्टी.

तिनं साळूबाईंचा फोन लावला. वाजत राहिला. सगळी वाडी साचलेलं पाणी काढून द्यायला खाली भाताच्या खाचरांत असणार. केंद्राचा वाहनचालक घाटात गेला होता. श्वास आणखी बारीक झाला.

तिनं ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं.

“आबा! उताणं पडू नका. कुशीवर वळा. आबा, ऐकताय का? कुशीवर वळा.”

तिचे शब्द दरी ओलांडायला तीन सेकंद, आणि तिकडचं इकडं यायला तीन. तिला ते सहा सेकंद सोसवेनात. मग कपड्यांची सळसळ ऐकू आली. वळले होते.

“आता हातावर जोर देऊन बसा. भिंतीला टेका. हळू. तोंडानं श्वास सोडा.”

सळसळ. भिंतीला पाठ लागली. श्वासाची शिट्टी थोडी उतरली. आणि मग, कित्येक वर्षांनी,

“वैजे?”

तिला हुंदका आला. तो तसाच दरीपार गेला. “व्हय आबा. मीच.”

सहा सेकंद. मग कोंडिबा रडायला लागले. मोठ्यानं, म्हातारी माणसं मयताला रडतात तसं.

“गेलीस व्हय गं… माज्या आदी गेलीस व्हय गं पोरी… कुटं पडलीस, कुणी पानी तरी पाजलं का न्हाई…”

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. अंगणात कुणी नाही. माणूस दिसत नाही आणि आवाज मात्र कानाशी. वाडीत सगळे मानायचे, जीव निघाला की माणूस एकदा आपल्या दारात येऊन हाक मारून जातं.

“आबा, मी जिवंत आहे! मी समोर सड्यावर आहे, केंद्रात!”

“व्हय व्हय, तुला न्हाई कळायचं बाय. गेलेल्यास्नी कळत न्हाई लवकर. भिऊ नगंस. म्या येतो. तुला एकटीला न्हाई ठिवायचो.”

ती जितकं बोलत होती तितकी त्यांची खात्री पटत होती. तिनं ध्वनिक्षेपक बंद केला. फाटक करकरलं. साळूबाई परतल्या असाव्यात, कारण कोंडिबा कुणाला तरी म्हणाले, “वैजू गेली. हाक आली मला. माती द्याया जातो.”

“काय तरीच काय, भाऊजी? मला तर काय बी ऐकू आलं न्हाई. ह्या पावसात, असल्या खोकल्यात कुटं निगाला?”

“सड्याव.”

पावलं अंगणाबाहेर पडली. वैजयंतानं अंतर्गोल पायवाटेवर वळवला. पावसात पावलं सापडली, हरवली, पुन्हा सापडली. काठीचा ठोका, खोकला, काठीचा ठोका. वाट उतरत कारवीत शिरली आणि मग पानांवरच्या पावसाशिवाय काही उरलं नाही. ती फळ्या इकडून तिकडं फिरवत राहिली.

“काय चाललंय?” दारात तोरणे मॅडम उभ्या होत्या. पडद्यावर लाल खूण लुकलुकत होती.

वैजयंतानं सगळं सांगितलं. श्रावणातल्या शिळेचंही. सांगताना तिचे हात थांबले नव्हते, ती फळ्या फिरवतच होती. मॅडम पुढं आल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

“पाऊस किती झालाय बघ. कडा केव्हाचा कुणी ऐकलेला नाही. खाली साठ माणसं आहेत.”

“ते नदीत पडले तर? साकवावर शेवाळ असतं. त्यांना श्वास पुरत नाही, मॅडम.”

“ते पडल्याचं ऐकू येईल तुला इथं बसून. एवढंच होईल.” मॅडमचा आवाज खाली आला. “बाकीचं मी नंतर बोलेन. आधी हे सोड, आणि जा.”

वैजयंतानं हेडफोन काढले. अंतर्गोल पुन्हा तांबडकड्याकडे वळायला लागला. ती रेनकोट न घेताच निघाली.

सड्यावरून नदीकडं उतरणारी वाट तिच्या लहानपणी पायाखालची होती. आता ती कारवीनं गिळली होती. ती घसरत, बुंधे धरत, कुठं बसून सरकत उतरली. मध्येच थांबून ऐकायची. कान उघडे होते आणि काही कळत नव्हतं. चहूकडून पाऊसच. केंद्रात बसून तिनं दोन वर्षं दरीपलीकडचं अंगण ऐकलं होतं, आणि इथं दहा हातांवर कुणी असतं तरी समजलं नसतं.

नदी तांबडी झाली होती. साकव म्हणजे दोन लोखंडी दोर आणि त्यांवर फळ्या. पलीकडच्या टोकाला, घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला एक माणूस काठीवर ओणवा उभा होता.

“आबा!”

नदीच्या गर्जनेत तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. त्यांनी मान वर केली. तिला पाहिलं. आणि काठी आडवी धरून ते दोन पावलं मागं सरले. ओठ हलत होते. मग काठीनं ते तिच्या पायांकडं खुणा करायला लागले. पुन्हा पुन्हा, पायांकडं.

ती खाली बसली. चिखलानं भरलेले बूट ओढून काढले, मोजे काढले, सलवार पोटऱ्यांपर्यंत वर घेतली आणि पाय फळीवर सरळ ठेवून दाखवले. बोटं पुढं, टाचा मागं. जिवंत माणसाचे पाय.

कोंडिबा बघत राहिले. मग ते खाली बसले, चिखलातच.

ती अनवाणी साकव ओलांडून गेली. जवळ जाताच त्यांनी तिचा हात पकडला, उलटा केला, तळवा चोळून पाहिला. गरम होता. मग दुसऱ्या हातानं तिच्या खांद्यावर मारायला लागले. हाताला जोर नव्हता. “किती भ्या घातलंस! किती भ्या घातलंस गं!” म्हणत ते मारत राहिले आणि त्यातच खोकल्याची उबळ आली. तिनं त्यांना छातीशी धरून पुढं वाकवलं. घोंगडीचा ओला वास येत होता, म्हशीचा आणि धुराचा.

मॅडमनी पाठवलेली दोन माणसं डोली घेऊन उतरली तोवर ती तशीच बसली होती.

तालुक्याच्या रुग्णालयात न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घरी राहिले असते तर हाताबाहेर गेलं असतं. ताप उतरायला बरेच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत इतर गोष्टी झाल्या. मॅडमनी अहवाल पाठवला, त्यात काही लपवलं नाही, आणि वैजयंताला ऐकण्याच्या कामावरून काढण्यात आलं. तिनं सही केली. वाडीची सभा झाली, ती स्वतः गेली, जे केलं ते सांगून खाली मान घालून उभी राहिली. दोघातिघांनी शिव्या दिल्या. एक बाई म्हणाली, माझं नि सासूचं भांडण ऐकलं असशील तर वर तोंड करून बघू नको. शेवटी ठरलं की धोका असेल तेव्हा अंतर्गोलानं बोलावं, पण आधी बोलणाऱ्यानं आपलं नाव सांगावं. आणि ऐकायला रेषेच्या खाली उतरायचं नाही. साळूबाई म्हणाल्या, “ऐकायचंच आसंल तर येऊन बसा म्हणावं. च्या करते.”

रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात दुपारचं ऊन यायचं. कोंडिबांना खुर्चीत बसवून वैजयंता त्यांना मऊ भात भरवत होती. इतक्या दिवसांत दोघं औषध, लघवी आणि ताप यांपलीकडे काही बोललेले नव्हते.

“किती दिस ऐकत हुतीस?” त्यांनी एकदम विचारलं.

“दोन वर्षं.”

“आन् काय ऐकलंस?”

“सगळं. अंगणातलं. माझं नाव सोडून सगळं.” ते वाक्य तिच्या तोंडून निसटलं.

कोंडिबांनी घास गिळला. “तू तितं लागलीस ते मला पयल्या आठवड्यात कळलं. पाटलाच्या पोरानं तुला बाजारात बगितलं. तवापासनं सांजचं अंगणात बसाया लागलो. न्हाईतर म्हशीला काय करायचंय, ताल फुटली का ऱ्हायली?”

तिनं हातातला घास ताटलीत ठेवला.

“नाव न्हाई घेतलं, कारन ऐकू गेलं आसतं,” ते म्हणाले. “एवडी वर्सं तोंड बांदून बसलो, आन् आता वाऱ्याव कसं सोडायचं? घरात घ्यायचो. चुलीम्होरं. तितं कोन ऐकतंय.” मग ते म्हणाले, “त्या दिशी तू आलीस, अंगनात हुबी ऱ्हायलीस. गोट्यात म्या शेन ओडत हुतो, तेच ते शेन, इकडनं तिकडं. बाहीर येता येईना. मग तू गेलीस.”

व्हरांड्याच्या कठड्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्या वाऱ्यानं फुगत आणि बसत होत्या. वैजयंतानं ताटली खाली ठेवली.

“आबा, मग मी बोलले तेव्हा मेले असं कसं वाटलं तुम्हाला? केंद्र आहे ते माहीत होतं ना?”

“ते ऐकतं, एवडं ठावं हुतं. बोलतं म्हनून कुनी सांगितलं हुतं?”

तिला हसू आलं आणि तेही हसले, खोकला येईपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेला तिच्या हातात दिला आणि खुर्चीत मागं टेकले.

“तुला माजं समदं ठावं झालं. मला तुजं कायच न्हाई. घरातनं गेलीस तवापासनं काय खाल्लंस, कुटं ऱ्हायलीस, आजारी पडलीस का, कुनी तरास दिला का. कायच न्हाई.” त्यांनी डोळे मिटले. “आता तू सांग. म्या ऐकतो.”

“सगळं?”

“पयल्यापासनं. घाई न्हाई.”

मग ती म्हणाली, “त्या सकाळी फाट्यावर एसटीला गर्दी नव्हती. खिडकीची जागा मिळाली.”

“कंच्या अंगाची?”

“डाव्या. वाडी दिसते त्या.”

ते डोळे मिटूनच होते. “मग, दिसली का?”

“दिसली. वळणापर्यंत दिसत होती.”

“हं,” ते म्हणाले. “मग?”